पुण्याची जाऊ, नागौरचा तंबू अन् आपला सैलानी

"ऐकलं का म्याडम, पुन्याची जाऊ येऊन रायली. होळीले."

शेजारच्या काकूंनी कुंपणाच्या तारेवर टॉवेल टाकला, त्याला चिमटा लावला आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हणजे बातमी एवढीच नाही. नुसती जाऊ येणार असती तर हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगून झालं असतं.

जाऊ सख्खी नव्हे, चुलत. नोकरीतून निवृत्त झाली, मुलं अमेरिकेत, गुडघे अजून शाबूत. फेब्रुवारीत ती मैत्रिणींबरोबर राजस्थानात 'सूफी सहल' करून आली. आधी नागौरचा अहिछत्रगड, मग जोधपूरचा मेहरानगड. दरवर्षी या दिवसांत तिथं 'वर्ल्ड सेक्रेड स्पिरिट फेस्टिवल' भरतो. मेहरानगड म्युझियम ट्रस्ट भरवतो, देशोदेशीचे सूफी आणि भक्तिसंगीत गाणारे येतात, आपले लंगा-मांगणियार असतात. नागौरच्या किल्ल्यात राण्यांच्या जुन्या हवेल्यांचं 'रणवास' नावाचं हॉटेल केलंय, आणि ज्यांना आणखी थाट हवा त्यांच्यासाठी तंबू.

"तंबूत न्हानीघर म्याडम! गरम पान्याचं! अन् उशीवर रोज गुलाबाचं फूल."

"कितीला पडलं सगळं?"

काकूंनी इकडंतिकडं पाहून आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही, पण तेवढ्यात बुलढाण्यात एका मुलीच्या लग्नाची पंगत उठते आणि वर मंडपवाल्याचीही भरपाई होते.

"मी त तोंडावर म्हनलं, तंबूत राहाले एवढे पैसे कायले देता? आपल्या सैलानीले या. लोकं ताडपत्रीखाली फुकट राहातेत, अन् कव्वाली रातभर."

बोलून गेल्या बिचाऱ्या. जाऊने ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी फोन: कव्वाली किती वाजता सुरू होते? पुढची रांग आधी धरून ठेवता येते का? कार्यक्रम साधारण किती मिनिटांचा? जवळ बरं हॉटेल कुठलं? काकूंनी मला हे सांगताना पदर तोंडाला लावला होता. हसू होतं की घाबरगुंडी, कळायला मार्ग नव्हता.

ज्यांनी सैलानी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा. होळीपासून रंगपंचमीपर्यंत यात्रा. विदर्भ-मराठवाडा-खानदेश तर येतोच, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणातूनही ट्रक भरून माणसं येतात. त्यात हिंदू घरं इतकी की दर्गा कुणाचा हा प्रश्न तिथं कुणाला सुचत नाही. होळीच्या दिवशी नारळाची होळी. आजारी माणसावरून, लागीर झालंय म्हणतात त्याच्यावरून, नारळ उतरवायचा आणि आगीत टाकायचा. सोबत अंगावरचे जुने कपडे. नारळांचा खच पडतो, आत पाणी असलेला नारळ तापला की ठो करून फुटतो, आणि जळक्या खोबऱ्याचा धूर डोळ्यांत, केसांत, लुगड्यात बसतो. दुसऱ्या दिवशी डोकं धुतलं तरी उशीला वास येतो. मग रंगपंचमीला संदल. पिंपळगाव सराईतून सांडणीवरून चंदनाचा लेप निघतो, मागेपुढे ढोल-ताशे, आणि दर्ग्यात पोचेपर्यंत रात्र होते. एस.टी. जादा गाड्या सोडते, त्याही भरून जातात, टपावरसुद्धा माणसं चढायला बघतात.

"याच्यात पुढची रांग कोनती?" काकू म्हणाल्या. "रांग त संडासाले असते, तिथी."

मला मात्र जाऊबाईंची एकदम कीव करावीशी वाटेना. चांगलं ऐकायला पैसे खर्च केले, काय बिघडलं? मांगणियार कलाकार पिढ्यान्‌पिढ्या जजमानांच्या घरी गात आले. स्वतः मुसलमान आणि जजमान बहुतेक हिंदू, त्यांच्या घरी जन्म असो, लग्न असो, गाणं यांचं. जजमानांची घरं शहरात गेली, जुनी बिदागी आटली. अशा उत्सवांनी त्यांना नवे जजमान मिळाले, परदेशचे दौरे मिळाले. सैलानीच्या कव्वालाला पेटीवर पडलेल्या दहाच्या नोटा मोजत बसावं लागतं, त्यात थोर काय आहे?

पण नागौर म्हटलं की मला तिथला मूळ सूफीच आठवतो. मी काकूंना सांगितलं: अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे शिष्य हमीदुद्दीन नागौरी, 1274 मध्ये वारले. शुद्ध शाकाहारी. घरी मटण शिजत नसे, आपल्या मागेही कुणी मटण वाढू नये अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. एका बिघ्याच्या तुकड्यावर स्वतः नांगर धरायचे, घरची गाय स्वतः दोहायचे, बायको सूत कातायची. नागौरच्या सुभेदाराने जमीन देऊ केली, ती नाकारली. मग सुलतानाकडून चांदीचे पाचशे टंके आणि गावाची सनद आली. घरात तेव्हा धड कापडही नव्हतं. त्यांनी बायकोला विचारलं. तीही नको म्हणाली.

काकू हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या, हात थांबला.

"बायकोले इचारलं?"

"असं सांगतात."

"मंग खरा फकीर होता तो. आमच्या इकडचे बाबा बायकोले नाई इचारत."

आणि त्याच नागौरात आता उशीवर गुलाब, हे मी म्हणायच्या आधीच त्यांनी डोक्यात जुळवलं होतं. "तिले सांगतो मी हे. पाचशे रुपये नाई घेतले मान्सानं अन् तुम्ही कितीले झोपल्या, म्हना."

मी म्हटलं, नका सांगू. पाहुणी आहे.

ऐकण्याविषयी या जुन्या मंडळींचे नियम मोठे कडक. सूफींच्या मैफलीला 'समा' म्हणतात, आणि तिला तीन अटी: वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, आणि सोबत बसलेली माणसं योग्य हवीत. सहल काढणारा पहिल्या दोन अटी झकास सांभाळतो. किल्ल्याचा चौक, संध्याकाळचा उजेड, खाली गाद्या. तिसरी अटही तो आपल्या परीने सांभाळतोच, फक्त माणसं निवडायची त्याची चाळणी म्हणजे रक्कम. ज्यांना परवडतं ती माणसं. सैलानीत कुणी चाळणी लावत नाही, आणि तिथली सोबत जाऊबाईंना सोसेल का, हाच खरा प्रश्न.

दिल्लीच्या कुतुबुद्दीन बख्तियार काकींची गोष्ट मी कधीतरी वाचली होती. 1235 मध्ये मैफलीत एका ओळीवर त्यांना भान राहिलं नाही, कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहिले, दिवसांवर दिवस, आणि त्यातच ते गेले. कव्वालीत आजही ही रीत आहे. ऐकणाऱ्याला एखाद्या ओळीवर 'हाल' आला की कव्वाल पुढे जात नाही. तो माणूस भानावर येईपर्यंत तीच ओळ, तीच टाळी. किती वेळ, हे ऐकणारा ठरवतो. जाऊबाईंनी मिनिटं विचारली होती.

"हे म्या पाह्यलं," काकू एकदम म्हणाल्या.

त्यांचा आवाज बदलला. कुंपणाच्या अलीकडे आल्या, म्हणजे जेवढं येता येतं तेवढं.

धाकट्या दिराला नेलं होतं सैलानीला. काकू नव्या नवऱ्या, सासूच्या मागं मागं. दीर अंगानं चांगला, पण रात्र रात्र जागायचा, भिंतीशी बोलायचा, एकदा सासऱ्यांवर कुऱ्हाड उगारली. गाव म्हणालं लागीर. झऱ्यावर आंघोळ घातली, नारळ उतरवला, मग संध्याकाळी कव्वालीला बसवला. आजूबाजूला तसेच बसलेले: कुणी घुमतंय, कुणी केस मोकळे सोडून डोकं फिरवतंय, कुणी नुसतं रडतंय. एक म्हातारी मांडीवर मोठी पोरगी घेऊन बसलेली, पोरगी वीस-बावीसची असेल. कव्वालाच्या तोंडी एक ओळ आली आणि ती पोरगी उठून बसली. कव्वालाने ते बघितलं. मग तो त्याच ओळीवर राहिला. ढोलकीवाल्याने हात हलका केला. "माह्या सासूले वाटलं रेकॉर्ड अटकली," काकू म्हणाल्या. ती पोरगी हळूहळू डुलायला लागली, मग थकून आईच्या खांद्यावर पडली, तेव्हा कुठं तो पुढच्या ओळीला गेला. म्हातारीने पदराची गाठ सोडून त्याच्या पेटीवर नाणी ठेवली.

"अन् तुमचे दीर?"

"त्याले काई नाई झालं. तो टाळ्या मोजत होता."

पुढचं मला थोडंफार ठाऊक होतं. सैलानीनंतर त्याला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, अजून चालू आहेत. आता तो शेती बघतो, लग्न झालं, पोरगा बारावीला. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली बाबांनी वाचवलं. काकूंना विचारलं तर म्हणतात, "डाक्टरनं वाचवलं. पन बाबाकडं नेलं नसतं त सासू डाक्टरकडं जाऊ देत नव्हती." या वाक्यावर मला तरी काही बोलता येत नाही.

म्हणून सैलानीचं फार गोड वर्णन कुणी करू लागलं की मी सावध होते. इथल्या झाडांना बिबे, लिंबं आणि बाहुल्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. घाण असते, पाण्याचे हाल असतात, भोंदू असतात. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे झोपडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळताच न आल्यामुळे जळून मेले. त्यानंतर देश जागा झाला. 2013 चा आपला जादूटोणाविरोधी कायदा आला, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला साफ बंदी केली. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा-दुआ' म्हणून उपक्रम आहे: मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला दर्ग्याच्या आवारातच डॉक्टरकडे पाठवतात. काकूंच्या सासूला हे आवडलं असतं.

जाऊबाईंनी फोनवर 'ट्रान्स' हा शब्द वापरला होता. तो बघायचाय त्यांना. काकूंनी मला विचारलं ते काय असतं. मी सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे माह्या दिराले पाहाले येऊन रायली का ती?"

तेवढ्यात काकूंचे जावई गेटातून आत आले. हे गृहस्थ कुठल्याही बोलण्यात पाच मिनिटांत धंदा शोधतात. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाल्यापासून त्यांना रात्री झोप नाही. सासूबाईंचं अर्धं ऐकून त्यांनी तिथल्या तिथं सहल आखली. पहिला दिवस लोणार, उल्कापाताचं सरोवर, रामसर यादीत 2020 मध्ये आलं, त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा, जिजाऊंचा राजवाडा. तिसऱ्या दिवशी शेगाव, दर्शन आणि कचोरी. शेवटी सैलानीत सूफी रात्र. "वातानुकूलित तंबू टाकू, आत्या. बाऊन्सर ठेवू. पुन्यामुंबईचे लोक यायनी."

"बाऊन्सर कायले?"

"गर्दी आत नाई आली पाह्यजे न."

काकूंनी सोललेल्या दाण्यांचं ताट उचललं आणि जावयाकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरले. जावई असल्यामुळे तोंडाने काही बोलल्या नाहीत. जावयांना चहा विचारला. तो त्यांनी घेतला, गणित मांडत मांडत घेतला, आणि फटफटीवरून गेले. खरं सांगायचं तर लोणार-सिंदखेडराजाचा भाग मला पटला होता. तिथं कुणी चांगला गाइड आणि स्वच्छ न्हाणीघर उभं केलं तर मी स्वतः हार घालीन.

मग काकूंनी माझ्याच फोनवरून जाऊबाईंना फोन लावला, स्पीकरवर, कारण त्यांच्या फोनचा आवाज म्हणे फाटतो. खरं कारण साक्षीदार.

"हां, मी बोलून रायली. हे पाहा, होळीच्या दिवशी नका येऊ, धूर सोसनार नाई तुम्हाले. संदलच्या दिवशी या. सोनं घरी ठेवा. सुती लुगडं नेसा, पंजाबी असन त दुपट्टा मोठा घ्या. पान्याची बाटली आपली आपन. अन् फोटो काढाचे नाई. नाई, एकही नाई. बाया केस सोडून बसेल असतेत, त्याईच्या घरचे लोक असतेत तिथी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हॉटेल कायले? माह्या घरी राहा. न्हानीघर हाये, गरम पान्याचं." मला डोळा मारून: "फूल हाये जास्वंदाचं, ठेवतो उशीवर."

पुन्हा काहीतरी.

"मैत्रिनी किती? सहा? मंग दोघी म्याडमकडं झोपतीन."

हे माझं मला तेव्हाच कळलं.