पुढील स्टेशन व्हाइस सिटी

आमच्या विठ्ठलवाडीत सध्या दोन गोष्टींची वाट बघणं चालू आहे. कल्याण-बदलापूर रेल्वेची तिसरी-चौथी मार्गिका आणि जीटीए सिक्स हा व्हिडिओ गेम. मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2019 मध्ये मंजुरी दिली. जीटीए फाइव्ह सप्टेंबर 2013 मध्ये आला. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता कॉलेजला जाताना दारात लटकतात, आणि सहाव्याचा आपला इंडिकेटरच बदलतोय. आधी 2025 चा उत्तरार्ध, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. तारीख पुढे गेली की रॉकस्टार कंपनी दिलगिरी व्यक्त करते. मध्य रेल्वेही करते. दिलगिरीत दोघांची बरोबरी आहे.

19 नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. विठ्ठलवाडीच्या पोराला रात्र जागवायला याहून सोयीचा मुहूर्त सापडायचा नाही. आईने विचारलं तर जागर चालू आहे म्हणून सांगावं. अडचण एवढीच, की गेम सुरुवातीला फक्त पीएस फाइव्ह आणि नव्या एक्सबॉक्सवर चालणार. कॉम्प्युटरवाल्यांना तारीखच दिलेली नाही. पीएस फाइव्ह आपल्याकडे फेब्रुवारी 2021 मध्ये आला तो 49,990 रुपयांना, आणि पुढच्याच वर्षी 54,990 झाला. घरातली बाकी कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाली की भंगारवालाही नाक मुरडतो. हा डबा जुना होऊन महागला. मुहूर्त आपला, वारी दुसऱ्याची.

तर या निमित्ताने जुन्या-नव्या गेमांबद्दल माझं मत. विचारलं कोणी नाही, पण सदर माझं आहे.

आमच्या पिढीचे क्लासिक गेम ज्या कॅसेटमध्ये होते, तिच्यावर ‘9999 इन 1’ छापलेलं असायचं आणि आत गेम मोजून दहा-बारा. बाकीचे तेच, नाव बदललेले. एक मारिओ पहिल्या लेव्हलपासून, दुसरा मारिओ थेट तिसऱ्यापासून, की झाले दोन गेम. आमच्या उल्हासनगरने दुसऱ्याच्या मालाची नक्कल केल्याचे टोमणे जन्मभर ऐकले, पण या बाबतीत नक्कल तैवान-चीनहून तयार होऊन आली होती. आपल्याकडे ती नुसती विकली गेली, आणि तीही ‘गॅरंटी नहीं, चलके दिखा देता हूँ’ या अटीवर.

गेम लागला नाही की कॅसेट उपसायची. उलटी करून तोंडाशी आडवी धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायची. मग अंगठ्याने दाबून बसवायची, अर्धा दोरा उजवीकडे. कोणाच्या फुंकीला गुण आहे हे चाळीत सर्वांना ठाऊक असायचं आणि त्या पोराला मानाने बोलावणं जायचं. फुंकीचा उपयोग शून्य होता. कॅसेट काढून पुन्हा बसवली की आतल्या पट्ट्या नीट टेकायच्या, गेम त्यामुळे लागायचा. फुंकीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या खराब व्हायच्या, म्हणून खुद्द निन्टेन्डोने फुंकू नका असं बजावलं होतं. मानाचं बोलावणं मात्र खरं होतं.

1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा 40 केबीचा. मावशी सकाळी ‘शुभ सकाळ’ म्हणून जो गुलाब पाठवते तो याहून जड असतो. त्या 40 केबीत बत्तीस लेव्हल, संगीत, राजकन्या, आणि ‘राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे’ हा सरकारी कार्यालयांनी पुढे उचललेला निरोप. आजचा मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, पहिल्याच दिवशी त्याला दुरुस्तीचं अपडेट लागतं, आणि ते उतरेपर्यंत लाइट जाते.

कॉण्ट्राबद्दल ऐकून घेणार नाही. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पाढे विसरलो, हे विसरलो नाही. ही खूण काढली कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी. 1986 मध्ये ते ग्रेडियस नावाचा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. स्वतःलाच तो झेपेना, म्हणून चाचणीपुरती सोय केली आणि ती आतच राहिली. कॉण्ट्रात त्याच खुणेने तीन जिवांचे तीस होतात. फुकट! आता लाइफ विकत मिळते. कँडी क्रशमध्ये जीव संपले की थांबा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. बीजीएमआयमध्ये तर त्याहून पुढची मजल. तिथे पैसे देऊन जीवही मिळत नाही, मिळतात कपडे. अंगावर मळका टी-शर्ट घातलेला पोरगा फोनमधल्या माणसाला जॅकेट आणि पँट घेऊन देतो. अरे, जीन्सच घ्यायची तर उल्हासनगरात राहतोस, खाली उतर. खरी मिळेल, त्याहून स्वस्तात, आणि भाव करता येईल.

पार्लरमधला राजा मुस्तफा. कॅपकॉमने 1993 मध्ये काढलेल्या या गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, तो एका अमेरिकन कॉमिकवरून निघाला, आणि त्याचा हीरो जॅक टेनरेक नावाचा गृहस्थ आहे. पण आमच्याकडे जॅकला घेणारा पोरगा म्हणजे ज्याचा नंबर शेवटी लागला तो. पिवळ्या टोपीचा मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा आणि अर्धा रस्ता मोकळा व्हायचा. पिंप फोडलं की आतून खाणं निघायचं, ते रस्त्यावरून उचलून खाल्लं की तब्येत सुधारायची. ज्याची पट्टी लाल झाली आहे त्याने खावं हा साधा माणुसकीचा नियम, पण एक रुपया खर्चून शेजारी उभा असलेला भाऊ तुमच्या डोळ्यांदेखत ते खायचा. माझ्या मते दोघांनी मिळून खेळायचा याहून चांगला गेम अजून झालेला नाही. स्वभाव कळतो माणसाचा.

मग सायबर कॅफे आले आणि जीटीएची व्हाइस सिटी आली. कॉम्प्युटरवर ती 2003 ची. त्यात ‘डिमॉलिशन मॅन’ नावाचं मिशन आहे. रिमोटच्या टीचभर हेलिकॉप्टरने चार बॉम्ब उचलायचे, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या चार मजल्यांवर ठेवायचे, घड्याळ चालू. आमची निम्मी पिढी तिथे अडकली. पंखा भिंतीला घासायचा, मजूर मारायला धावायचे, आणि शेजारच्या केबिनमधून कॅफेवाला ‘टाइम हो गया’ म्हणायचा.

गंमत अशी, की त्याच वर्षांत हे मिशन उल्हासनगरात खरोखर चालू होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे 855 बेकायदा इमारतींवर हातोडा येणार होता. काही मजले फुटलेही. पण सरकारलाही ते मिशन झेपलं नाही, आणि 2006 मध्ये राज्याने खास उल्हासनगरपुरता बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. याला आम्ही गेमर लोक चीटकोड म्हणतो. व्हाइस सिटीत ‘लीव्हमीअलोन’ टाइप केलं की पोलिसांचे स्टार जायचे. इथे विधिमंडळाने टाइप केलं, एवढाच फरक.

नव्या गेमांचा खरा रोग इमारतीवरूनच समजेल. सायबरपंक 2077 डिसेंबर 2020 मध्ये आला, तो बदलापूरला ओसी नसताना दिलेल्या ताब्यासारखा. ब्रोशरमध्ये झगमगतं शहर, आत गेलं तर माणसं भिंतीतून चालतायत आणि गाड्या आभाळातून पडतायत. जुन्या प्लेस्टेशनवर तर इतका वाईट, की सोनीने आठवड्याभरात दुकानातून काढून टाकला. तो परत आला पुढच्या जूनमध्ये. आज चांगला गेम आहे, नाही म्हणत नाही. पण ज्यांनी आधी पैसे भरले, त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधकामावर पाणी मारलं.

देशी गेमांचं काय? सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली. दोनच दिवसांत ‘फौजी’ या गेमची घोषणा झाली, अक्षय कुमारच्या तोंडून, आणि 26 जानेवारी 2021 ला गेम हजर. सुरुवातीला त्यात बंदुकाच नव्हत्या. विषय गलवानचा, म्हणून बुक्क्या आणि दांडके. तत्त्व मान्य, पण चार मिनिटं बुक्क्या मारून झाल्यावर अंगठा दुखतो आणि देशभक्ती तशीच शिल्लक राहते. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ बघा. 2017 मध्ये लोकवर्गणी मागितली, ठरलेली रक्कम जमली नाही. तरी 2020 मध्ये गेम काढला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूल, भिंतींवरची रंगवलेली चित्रं डोळ्यांत भरतील अशी. मारामारी थोडी कच्ची आहे, आणि पाच-सहा तासांत संपतो, तोही ऐन मोक्यावर, मालिकेचा शुक्रवारचा भाग संपावा तसा. पुढचा ‘राजी: कलियुग’ जाहीर झाला आहे. येणाऱ्या गेमांत मला उत्सुकता आहे ती याची. जीटीए काय, येईल तेव्हा जग सांगेलच.

रमीला मी या यादीत घेत नाही. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. ती बंद करायची फुली सापडत नाही हे कोणताही गेमर शपथेवर सांगेल. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. नंतर ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदीचा कायदा केला. बंदी योग्यच. पण त्या वेळी घरोघरी पोरांना जे ऐकावं लागलं, ‘बघ, तुझे गेम सरकारनेच बंद केले’, त्याबद्दल दिलगिरी कोणीच व्यक्त केली नाही.

आता कामाचं. येत्या काही महिन्यांत तुमचा मुलगा, भाचा किंवा नवरा ‘प्री-ऑर्डर’ हा शब्द घेऊन येईल. पीएस फाइव्हचा मोठा गेम आपल्याकडे काही हजारांना पडतो. डिजिटल माल आहे, तुटवडा पडत नाही, रांगेत पहिला उभा राहिला म्हणून कोणाला जास्त मिळत नाही. महिनाभर थांबा. तोवर चुका दुरुस्त होतात, कोणीतरी पूर्ण खेळून खरं काय ते सांगतो, आणि पुढे कधीतरी सेलमध्ये भावही उतरतो. ताबा मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.