वर्षाचे भरणे: गुलटेकडीच्या स्वारीचा वृत्तान्त

बारा महिने पुरतील इतके गहू, तांदूळ, डाळी, तिखट, हळद आणि गूळ उन्हाळ्यात एकदाच घरात आणून ठेवण्याच्या उद्योगाला देशावर ‘वर्षाचे भरणे’ म्हणतात. कोकणात त्यालाच आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता करून ठेवलेली तरतूद, असे नाव आहे, आणि गोव्यात ‘पुरुमेंत’ या नावाने हाच उद्योग मे महिन्याच्या सुमारास सुकी मासळी, मिरच्या आणि चिंच यांच्या जत्रांतून पार पडतो. हंगाम सर्वत्र तोच असण्याची कारणे उघड आहेत: रब्बीचा नवा गहू मार्च-एप्रिलात बाजारात उतरतो, तूरडाळ त्याआधीच भरडून तयार असते, मिरची आणि हळदही याच सुमारास येतात, वाळवायला ऊन फुकट मिळते, आणि मृगाच्या सरी सुरू झाल्यावर आणलेल्या धान्यात ओल शिरून पुढे जाळी धरते. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत न आढळणारे आणखी एक कारण असे की, शाळांना सुट्टी लागल्यामुळे पिशव्या उचलायला याच दिवसांत घरात मनुष्यबळ उपलब्ध असते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय पुण्याच्या पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत जाणारी स्वारी हा आहे. नकाशावर हा प्रवास जेमतेम चार-पाच किलोमीटरांचा असल्याने त्याला प्रवास म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतात. परंतु या वाटेवर खरे अंतर कापले जाते ते मापांचे. प्रवासी वाटीच्या राज्यातून निघतो आणि क्विंटलच्या राज्यात उतरतो. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धतीची वजने आली, तरी कित्येक घरांच्या तांदळाच्या डब्यात अजूनही एक पितळी चिपटे पडलेले असते, ज्याची दोन भरली की मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असे कोष्टक घरातल्या आजींना पाठ असते, आणि ज्याच्या आधारे त्या ‘माणशी इतके’ असा वर्षाचा हिशेब कागदाला हात न लावता सांगतात. घरातला मुलगा तोच हिशेब मोबाइलवर करतो आणि उत्तर वेगळे येते. स्वारी निघते ती आजींच्या उत्तरावर.

स्वारीची रचना बहुधा ठरलेली असते. पैसे देणारा गृहस्थ पुढे चालतो, धान्यातले कळणारी गृहिणी त्याच्या मागे असते, आणि गाडीची डिकी मोठी असल्यामुळे आग्रहाने बरोबर घेतलेला एक शेजारी सर्वांत शेवटी, आपल्याला यात का ओढले याचा विचार करीत, येतो. शेजाऱ्याला पोत्यात भागीदार करून घेण्याची प्रथाही जुनी असून तिच्यामुळे घाऊक भाव पदरात पडतो. मात्र पोते जिन्याखाली फोडून तिघांत वाटताना तळाचा भुस्सा कोणाच्या वाट्याला गेला, हा प्रश्न पुढील उन्हाळ्यापर्यंत बोलण्यात येत राहतो.

पुण्याचा भुसार बाजार, म्हणजे धान्य, कडधान्य, डाळी, साखर व तत्सम कोरड्या मालाचा बाजार, पूर्वी नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. तेथील अरुंद रस्त्यांवर बैलगाड्या, हातगाड्या आणि पुढे ट्रक यांची जी गर्दी होई, तिच्यावर उपाय म्हणून तो गुलटेकडीस हलवण्यात आला. मुंबईतही मशीद बंदर आणि दाणा बंदराकडचा घाऊक व्यापार याच कारणाने वाशीस गेला, आणि तेथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला व दाणा असे पाच स्वतंत्र बाजार वसले. या स्थलांतरांतून नियोजनकारांना मोकळे रस्ते अपेक्षित होते. गुलटेकडीस प्रथमच जाणाऱ्याला मात्र मोकळा रस्ता दिसतो तो सुट्टीच्या किंवा संपाच्या दिवशी, आणि तेव्हा गाळे बंद असतात.

इतर दिवशी प्रवेशद्वारातून आत शिरताच गोणपाटाचा, गुळाचा आणि मिरचीचा एकत्रित वास नाकात शिरतो, आणि गृहस्थाला पहिली शिंक येते. दुसरी शिंक येण्याच्या आत पाठीमागून ‘ओ काका, बाजू!’ अशी हाक येऊन, पाठीवर पोते आणि हातात लोखंडी आकडा घेतलेला हमाल त्याच्या अंगावरून जातो. चालताना हमाल थांबत नाही, वळत नाही आणि क्षमाही मागत नाही, कारण त्याच्या पाठीवर अर्धा क्विंटल असतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेथे पूर्ण क्विंटल असे. १०० किलोची पोती माणसाने वाहू नयेत ही मागणी हमालांच्या संघटनांनी लावून धरल्यावर ५० किलोची पोती रूढ झाली. हमाल पंचायतीसारखी हमालांची संघटना ज्या राज्यात उभी राहिली आणि १९६९ चा माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांचा कायदा जेथे झाला, त्या राज्यातल्या गृहस्थाने आपल्या दहा किलोच्या पिशवीविषयी कुरकुर करणे शोभत नाही. तो करतो.

गाळ्यावर बसलेला अडत्या, म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून खरेदीदाराला विकून देणारा आणि त्याबद्दल ठरावीक टक्के घेणारा मध्यस्थ, सुट्या गिऱ्हाइकाकडे प्रथमदर्शनी पाहत नाही. त्याचे गिऱ्हाईक किराणा दुकानदार, खानावळवाले आणि मंगल कार्यालयांचे आचारी हे असून तो फोनवर गाड्यांच्या भाषेत बोलत असतो. फोन संपल्यावर तो ‘किती पाहिजे?’ असे विचारतो, आणि घरी ज्या आकड्यावर तीन रात्री वाद झाला तो आकडा गृहस्थ छाती काढून सांगतो: साठ किलो. यावर गाळ्यात जी शांतता पसरते तिचे वर्णन करणे कठीण आहे. काही गाळ्यांवर ती ‘पलीकडच्या गल्लीत सुटं मिळेल, काका’ या वाक्याने भंग पावते आणि काही ठिकाणी नुसत्या हनुवटीच्या इशाऱ्याने. तेव्हा वर्षभराचा अन्नदाता म्हणून निघालेल्या पुरुषाची गणना येथे सुट्यात होते. या क्षणी गृहिणी पुढे होते.

तिच्यापुढे पत्र्याच्या थाळ्यांत नमुने मांडले जातात: मध्य प्रदेशातल्या सिहोरचा टपोरा, सोनेरी गहू, त्याहून स्वस्त असलेला लोकवन, आणि मधुमेहाच्या चर्चांमुळे अलीकडे भाव खाऊ लागलेला खपली. लोकवन हे वाण गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघाले, तरी त्याच्या पोळ्यांविषयी पुण्यात जे ठामपणे बोलले जाते ते ऐकून त्याचे मूळ गाव शनिवार पेठच असावे असे वाटते. गृहिणी तळहातावर मूठभर दाणे घेते, अंगठ्याने चोळते, फुंकर घालून कोंडा उडवते, एक दाणा दाताखाली फोडते, आणि ‘मागच्या वर्षीसारखा नाही’ असा निकाल देते. हा निकाल मालावर अवलंबून नसतो. वाटाघाटी सुरू झाल्याची ती सूचना असते, आणि अडत्याही ती तशीच घेतो. ‘काकू, याच्यापेक्षा चांगला माल तुम्हाला अख्ख्या यार्डात दिसला तर हा फुकट न्या,’ असे तो म्हणतो, आणि हे आव्हान स्वीकारून आजवर कोणी अख्खे यार्ड हिंडल्याचे आढळत नाही, कारण बाहेर ऊन असते.

पूर्वीच्या बाजारांत अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत; या पद्धतीला हत्ता म्हणत, आणि शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसल्याने ती बाद करून उघड लिलाव आणणे हे कृषी उत्पन्न बाजारविषयक कायद्यांचे, विशेषतः राज्याच्या १९६३ च्या कायद्याचे, एक काम ठरले. किरकोळ खरेदीत ती पद्धत अजून टिकून आहे. गृहिणी पदराआडून नवऱ्याचे कोपर एकदा दाबते, याचा अर्थ ‘गप्प बसा’. दोनदा दाबते, याचा अर्थ ‘निघायचे नाटक करा’. गृहस्थाचे या मोजणीत पुष्कळदा चुकते आणि तो ‘बरं, द्या’ म्हणून मोकळा होतो.

भाव ठरल्यावर पिशवीच्या मापाचा प्रश्न उरतो. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर, डाळींवर आणि पिठांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याहून मोठ्या पिशवीवर झाला नाही, आणि लवकरच बाजारात २६ किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. गव्हाचा ३० किलोचा कट्टा, म्हणजे पोत्याहून लहान आणि पिशवीहून मोठे असे बांधणीचे घरगुती माप, आधीपासूनच या मर्यादेच्या वर असल्यामुळे त्याला काहीच करावे लागले नाही. करशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या जादा एका किलोवर प्रबंध लिहायला हरकत नाही. गृहस्थाला त्यातून एवढेच उमगते की जड तेच स्वस्त, आणि तो साठऐवजी नव्वद किलो घेतो.

निष्ठावान साठवणकर्त्याची सगळी तीर्थे गुलटेकडीत नसतात. गुळाची ढेप कोल्हापूरची, हळद सांगलीची आणि मिरची बेडगी असावी लागते, आणि यांपैकी निदान एक जिन्नस नात्यातल्या कोणाकडून तरी परभारे येतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत, म्हणजे आत धान्य किंवा हळद भरून वरून तोंड बंद करायच्या खोल खड्ड्यांत, साठवीत; २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. मुंबईकर तिखटासाठी लालबागला जातो, जेथे मिरची निवडून, भाजून, डोळ्यांदेखत कुटून घेण्याची सोय आहे. आपलाच मसाला आपल्याला परत मिळावा म्हणून डंकाच्या, म्हणजे कुटण्याच्या यंत्राच्या, समोर दोन तास खोकत उभी राहणारी मंडळी तेथे दर मे महिन्यात पाहावयास मिळतात.

परतीच्या वाटेवर मापे पुन्हा फिरतात. यार्डात ज्या नव्वद किलोंकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, ते गाडीत चढताच मागची चाके खाली बसतात. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्याची लिफ्ट नेमकी बंद असते. आणि पहिल्या जिन्यावर गृहस्थाला हमालांच्या संघटनेची बाजू पूर्णपणे पटते. यार्डातला भाव, हमाली, वाटेतला उसाचा रस आणि संध्याकाळी कमरेला चोळलेले मलम यांची बेरीज कोपऱ्यावरच्या वाण्याच्या भावातून वजा केल्यास जे उरते, ते कुटुंबात जाहीर केले जात नाही.

वास्तविक सोपे मार्ग उपलब्ध आहेत. १९४८ साली मुंबईतल्या नायगावात सुरू झालेला अपना बाजार, शेजाऱ्यांचे गट करून महिन्याचे सामान पोचवणारी १९७५ सालची मुंबई ग्राहक पंचायत, आणि २००२ साली पवईत पहिले दुकान उघडलेले डीमार्ट, या सर्वांनी दरमहा घ्या, हवे तेवढेच घ्या, असे सुचवून पाहिले. भरणारी मंडळी डीमार्टातही जाते. तेथून फिनेल आणते आणि धान्याच्या कप्प्यापुढे उभी राहून यार्डातला भाव मोठ्याने सांगते.

घरी आल्यावर गहू चाळून गच्चीवर ऊन देणे, तूरडाळीला एरंडेल चोळणे, पिंपात तळाशी कडुनिंबाचा पाला घालणे ही कामे दोन-तीन दिवस चालतात, आणि सोंडकिड्यांना या सर्व उपायांची पूर्वकल्पना असते. अखेरीस तांदळाची पाळी येते. नवा तांदूळ शिजताना गिच्च होतो, वर्षभर मुरलेला मोकळा होतो, म्हणून जाणकार गिऱ्हाईक जुना आंबेमोहोर किंवा कोलम मागते आणि त्यासाठी किलोमागे जादा पैसे मोजते. या स्वारीतही गृहिणीने जुनाच तांदूळ हट्टाने मागून, अडत्याकडून ‘पक्का एक वर्षाचा’ अशी ग्वाही घेऊन आणलेला असतो. तो ठेवण्यासाठी पलंगाखालचे पिंप ओढले असता ते हलत नाही, आणि झाकण काढल्यावर गेल्या उन्हाळ्यात याच यार्डातून नवा म्हणून स्वस्तात आणलेला, आता पक्का एक वर्षाचा झालेला, वीस किलो तांदूळ आत निघतो. आजी चिपटे बुडवून तो मोजू लागतात, आणि गृहस्थ लिफ्ट सुरू झाली का ते पाहायला बाहेर जातो.