पंचेचाळीस कॅलिबरचा जावई

‘कशाला?’ हा बायकोचा प्रश्न रास्त होता. ह्यूस्टनच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो तिथे रात्री अकरानंतर हालचाल करतात ते फक्त लॉनचे फवारे. चोर आलाच तर त्याच्या हाती चार कुकर आणि फ्रीझरमधला खवलेला नारळ लागेल. स्वसंरक्षण हे कारण मी पुढे करून पाहिलं, पण ते माझ्या तोंडी शोभेना. शेवटी खरं ते सांगितलं, की मला पिस्तूल हे यंत्र म्हणून आवडतं.

‘यंत्रच हवंय ना? मग शिलाई मशीन घे.’

आता इथे तिने गप्प राहायला हवं होतं, कारण हा विषय मी वाचून बसलो होतो. मला हवं असलेलं ‘नाईन्टीन इलेव्हन’ पिस्तूल अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर सिंगर शिलाई मशीनवाल्यांनीही बनवलं होतं. नग फक्त 500. आज लिलावात त्यातलं एखादं लाखभर डॉलरच्या पुढेही जातं. पुढे देश युद्धात उतरल्यावर टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने हीच पिस्तुलं लाखांनी काढली आणि रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या एका कंपनीनेही हात धुऊन घेतले. ‘म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणेच,’ मी म्हणालो. बायकोने मिक्सर सुरू केला.

खरी अडचण वेगळीच होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या, आणि जावई बंदूक आणतोय हे त्यांच्या कानावर कसं घालायचं हा घरात मोठाच प्रश्न झाला. आम्ही विसरलो होतो ते हे, की सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. सासूबाईंचा सगळा संसार कारखान्याच्या भोंग्यावर झालेला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘कितीची? नाइन एमएमची का?’

‘नाही आई. पंचेचाळीसची.’

‘एवढी मोठी कशाला बाई?’ त्या लेकीकडे बघून म्हणाल्या. म्हणजे प्रश्न तोच, पण तपशिलात शिरलेला.

एवढी मोठी का, याची कथा फिलिपिन्समध्ये सुरू होते. गेल्या शतकाच्या आरंभी तिथे लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांची तक्रार होती की हातातल्या .38च्या रिव्हॉल्व्हरने समोरचा मोरो लढवय्या थांबतच नाही. मग 1904मध्ये थॉम्पसन आणि लगार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जाऊन चाचण्या केल्या (त्यांचं वर्णन जेवणाच्या टेबलावर करू नये) आणि निकाल दिला: .45च्या खाली नको. जॉन ब्राउनिंग हा युटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदूककाराचा मुलगा तेव्हा कोल्ट कंपनीसाठी पिस्तूल आखत होता. मार्च 1911च्या अखेरच्या चाचणीत त्याच्या पिस्तुलातून 6000 गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. त्याच महिन्याच्या 29 तारखेला सैन्याने ते घेतलं आणि 1985पर्यंत ठेवलं. आमच्याकडे माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देतात.

दुकानातल्या पोऱ्याला यातलं काही नको होतं. त्याने प्लास्टिकच्या सांगाड्याचं आधुनिक पिस्तूल पुढे ठेवलं. वजनाला हलकं, आत सतरा गोळ्या, पुसायची यातायात कमी. माझ्या पसंतीचं धूड रिकामंच अकराशे ग्रॅमचं, आणि मॅगझिनमध्ये गोळ्या सात. हिशेबाने बघितलं तर त्याचंच बरोबर होतं. पण मागे येताना नळीचं बूड खाली झुकतं आणि स्लाईडपासून सुटतं, ही ब्राउनिंगचीच युक्ती आजही बहुतेक पिस्तुलांत, त्या प्लास्टिकवाल्यातसुद्धा, थोड्या फरकाने बसलेली आहे. मूळ गायक हयात नसला तरी मी बंदिश नातवाकडून का ऐकू?

हातात घेतलं तेव्हा मात्र मी बोलायचा थांबलो. लोखंड थंड, अक्रोडाच्या मुठीवर बारीक चौकटी कोरलेल्या. स्लाईड मागे ओढली तर आत तेलावर सरकल्याचा एक भरीव आवाज. तळव्याखाली मुठीच्या पाठीवर एक पट्टी दबते, ती दाबलेली नसेल तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही. अंगठ्यापाशी आणखी एक खटका. दाराला कडी घालून, कुलूप लावून वर दोनदा ओढून बघणाऱ्या माणसाला याहून जवळचं यंत्र मिळणार नाही.

काचेच्या पेटीत जुनी पिस्तुलंही होती. त्यातल्या कित्येकांच्या डाव्या अंगाला चापाच्या वर एक बारीक वळणदार चरा. पुन्हा जोडताना स्लाईड अडवणारी खीळ घाईने घुसवली की तो उठतो. शौकीन त्याला ‘मूर्खाचा ओरखडा’ म्हणतात, आणि त्यापायी भावही पाडून मागतात. मला ही पद्धत फार आवडली. माणसाची घाई अशी कायमची नोंदवून ठेवणारी दुसरी वस्तू घरात नाही.

भावाचं म्हणाल तर हे पिस्तूल पाचशे डॉलरपासून पाच हजारांपर्यंत कुठेही मिळतं. मी पाचशेच्या बाजूचं घेतलं. ते बनतं फिलिपिन्समध्ये. ज्यांना थांबवायला निघालं त्यांच्याच देशातून आता स्वस्तात येतं, हा इतिहासाचा न्याय मी बायकोला ऐकवला. ‘सेल होता म्हण ना,’ ती म्हणाली.

मग 4473 क्रमांकाचा सरकारी फॉर्म. त्यात खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा, असं फॉर्मच बजावतो. प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच का? (‘हो, लिही, मला यात ओढू नकोस.’) तुम्ही फरारी आहात का? नाही. हे सगळं सोपं गेलं. गाडी अडली ती वजनापाशी. पिस्तुलाच्या नव्हे, माझ्या. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात मी वीस वर्षांपूर्वीच्या उमेदीने एक आकडा लिहिला होता, आणि बायको खांद्यावरून वाचत होती. ‘तुरुंगात जायचंय का?’ तिने हळूच विचारलं. मी खरा आकडा लिहिला. पोऱ्याने माहिती संगणकात घातली आणि थोड्याच वेळात वॉशिंग्टनने मला निर्दोष ठरवलं. कायद्याप्रमाणे सोबत एक कुलूपही मिळालं. सासूबाईंनी आधी त्याची तपासणी केली आणि ‘बरं आहे’ म्हणून शेरा दिला.

उघडून पुसायचा पहिला दिवस जेवणाच्या टेबलावर उजाडला. मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं, बोट घालून पाहिलं. आता नळीखालची स्प्रिंगची टोपी अंगठ्याने दाबायची, वरचं बुशिंग फिरवायचं आणि टोपी हळूच सोडायची. अंगठा निसटला तर टोपी छताला लागते, हे जगभरच्या मालकांना ठाऊक आहे. मी श्वास रोखला. तेवढ्यात सासूबाईंनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला.

‘स्प्रिंग आहे ना? मग झाकून सोडा.’

टोपी पंच्यात अलगद उतरली. त्यांनी ती उचलून वाटीत ठेवली, जिऱ्याशेजारी.

रेंजवर त्यांना यायचंच होतं. पण टूरिस्ट व्हिसावरच्या पाहुण्याला इथे सहसा बंदूक हाती घेता येत नाही, त्यामुळे त्या काचेपलीकडे कानांवर मफ चढवून बसल्या. पहिला बार काढला आणि हात सरळ कपाळापर्यंत गेला. दुसऱ्याला जरा कमी. तिसऱ्यापासून धक्क्याऐवजी हिशेब सुरू झाला, कारण एकेका काडतुसाला अर्धा डॉलर, आणि मी अजून रुपयांत गुणतो. नेम चुकला की मनाला दुहेरी लागतं. माझ्या कागदावर भोकं पडली, पण एकमेकांशी बोलचाल नसल्यासारखी.

बाहेर आलो तर सासूबाई रेंजच्या माणसाशी हातवारे करून बोलत होत्या. आमच्या रांगेपुढची जमीन पिवळ्या पुंगळ्यांनी भरली होती.

‘हा म्हणतो, ज्याच्या त्याने नेल्या तरी चालतील. खडकीला मोजून परत कराव्या लागतात! चांगलं पितळ आहे, जावईबापू.’

मी पिशवी आणली. त्यांच्या परतीच्या आदल्या रात्री बायकोने आणि मी त्यांची बॅग दोनदा उपसली. लोणच्याची रिकामी बरणी, तीन मोजे, हळदीचा डबा, सगळं हलवून पाहिलं. ‘शोधा, शोधा,’ सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, ‘मी तुमच्या गॅरेजमध्ये ठेवल्यात. पाच किलो झाल्या की भाव विचारा आणि मला फोन करा. पहिल्याच भावाला देऊ नका.’