बारमाही बळीराजास

प्रति,
रा. रा. बारमाही बळीराजा,
शेतकरी आठवडे बाजार, डावीकडची रांग, सगळ्यात मोठा स्टॉल.

सा. न. वि. वि.

हे पत्र अभिनंदनाचं आहे. आपलं अभिनंदन नंतर; आधी आपल्या शेताचं. ‘इथंच, सासवडच्या अलीकडं’ असं आपण ज्याचं ठिकाण सांगता, त्या एका रानात भर मे महिन्यात हिरवा वाटाणा येतो, बांधावर सफरचंद लागतं, सफरचंदाच्या सावलीत अननस धरतो आणि अननसाशेजारी अगदी आग्र्याच्या तोंडवळ्याचा बटाटा निघतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला हे अजून कळलेलं दिसत नाही, नाहीतर एव्हाना सहलीच्या बसगाड्या लागल्या असत्या.

सासवडकडच्या वाटाण्याबद्दल माझी समजूत जरा जुनाट आहे. पुरंदरचा वाटाणा पावसावर येतो. जूनमध्ये पेरणी होते, ऑगस्टच्या आगेमागे शेंगा बाजारात दिसतात. थंडीत ढिगानं येतो तो मध्य प्रदेशातला, जबलपूरकडचा. उन्हाळ्यात दिसलाच तर तो हिमाचलातून आलेला असतो. तिथल्या शेतकऱ्यानं तो पिकवला, ड्रायव्हरनं रात्री जागून आणला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालानं उतरवला, आडत्यानं विकला. आणि शेवटी आपण शेंग मोडून माझ्या हातावर दाणे ठेवलेत नि म्हणालात, “घरचाय ताई, सकाळीच तोडलाय.” इतक्या माणसांचे कष्ट एका वाक्यात आपल्या नावावर चढवून घ्यायचे, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. ‘ताई’ मात्र आपण अगदी मनापासून म्हणता, हे नोंदवून ठेवते.

टोपीबद्दलही लिहायलाच हवं. काय ती धार, काय ती इस्त्री! खरे शेतकरी बिचारे टी-शर्ट आणि क्रिकेटची टोपी घालून येतात, मोबाइलवर क्यूआर कोड दाखवतात, आणि म्हणून गिऱ्हाइकाला ते शेतकरी वाटतच नाहीत. गिऱ्हाइकाच्या डोक्यातला शेतकरी जुन्या सिनेमातला असतो. आपण तो बरोबर ओळखून बाजारात उभा केलात. आपल्या डोक्यावर जो फलक आहे, तोही एकदा मान वर करून वाचा. राज्य सरकारनं शेतकरी आठवडे बाजाराच्या अभियानाला सावता माळी महाराजांचं नाव दिलंय. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत म्हणतात. विठोबाच त्यांच्याकडे आला, आणि आजही पंढरपूरहून पालखी अरणला जाते. आपलं त्यांच्याशी नातं एवढंच, की ते मळ्यातून बाहेर पडले नाहीत आणि आपण मळ्यात पाऊल टाकलं नाहीत.

२०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला. शेतकऱ्यानं आडत-दलालीच्या साखळीत न अडकता शहरात माल आणावा, त्याला दोन पैसे जास्त मिळावेत आणि आपल्यालाही ताजं मिळावं, असा त्यामागचा विचार होता. साखळीतली एक कडी काढली की लगेच तिथं जाऊन बसायचं असतं, ही सूक्ष्म दृष्टी फक्त आपल्याला लाभली. पहाटे यार्डात घाऊक भावानं क्रेट उचलायचे आणि सात वाजता ‘थेट शेतातून’ या भावानं मांडायचे. हा थेटपणा महाग असणारच. टेम्पोचं भाडं आहे, इस्त्रीचा खर्च आहे.

आता आंबा. एप्रिलात आपण ‘देवगड’ अशी पाटी लावलेली पेटी माझ्यासमोर उघडलीत. वरचे दोन थर देखणे होते. खाली गवताबरोबर वर्तमानपत्राचे तुकडे होते आणि ते कन्नड होते. देवगडात कन्नड वर्तमानपत्राचा खप इतका वाढल्याचं मला माहीत नव्हतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे त्यात आहेत. त्या यादीत धारवाड बसवण्याचं श्रेय आपल्याकडे जातं. धारवाडच्या आंब्याशी माझं भांडण नाही. त्याच्या नावानं मागितला तर तो चांगला आंबा आहे, स्वस्तही पडतो, आमरसाला आमच्या घरी तोच येतो. नोव्हेंबरात पार आफ्रिकेतून मलावीचा हापूस वाशीला उतरतो, तोसुद्धा मलावीचा म्हणूनच विकला जातो. समुद्रापलीकडून आलेल्या आंब्याला आपलं गाव सांगायची लाज वाटत नाही. आपल्या पेटीतल्या आंब्याला आपण उगाच खोटं बोलायला लावता.

पेटीत एक कागदाची पुडीही निघाली. “हे काय?” विचारल्यावर आपण “औषध आहे, कीड लागू नये म्हणून” असं सांगून ती चपळाईनं खिशात घातलीत. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. त्याऐवजी इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. तेव्हा ते औषधच असेल. फक्त आंबा बाहेरून हळदीसारखा पिवळा आणि कोयीपाशी पांढरा, आंबट निघाला, एवढंच. कोकणातली माणसं अजून गवताची अढी लावतात आणि रोज एकेक फळ वास घेऊन चाचपतात. त्यांना वेळ फार.

आपल्या डावीकडे, ज्यांच्या पाटीत आपल्या ताडपत्रीचं पाणी गळतं, त्या मावशींकडे आपलं लक्ष गेलं नसेल. मुळशीकडून येतात. पावसाळ्यात त्यांच्यापुढं फार तर तीन वाटे असतात: करटोली, कुर्डू, टाकळ्याची कोवळी पानं. कधी भारंगी. भारंगी घेतली की त्या पैसे घेण्याआधी बजावतात, “उकडून पानी पिळून टाका, न्हाईतर कडू व्हईल.” कृषी खातं ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतं, तेव्हा लोक रांग लावून या भाज्यांचे फोटो काढतात; पुढच्याच आठवड्यात मावशींच्या पाटीपुढं उभं राहून “एवढंच?” विचारतात आणि आपल्याकडे वळतात. थंडीत त्यांच्या जागी जुन्नरकडचं एक जोडपं बसतं. ओला हरभरा, पावटा, चाकवत. संक्रांतीनंतर काही आठवड्यांनी त्या बाई हात झाडून सांगतात, “चाकवत संपला. आता पुढच्या थंडीला.” बाजारात इतकं वाईट वाक्य कुणी बोलतं का? गिऱ्हाईक नाराज होतं. आपल्याकडे कधीच काही संपत नाही. जानेवारीत दुधी, जुलैत गाजर, मेमध्ये फ्लॉवर, आणि भेंडी तर सूर्य-चंद्र असेपर्यंत.

या जोडप्याचं गणित आपल्याला गमतीदार वाटेल. आदल्या संध्याकाळी भाजी काढायची, रात्री जुड्या बांधायच्या, गावातल्या आणखी तिघा-चौघांबरोबर टेम्पो करायचा, आणि दिवसभर इथं बसायचं म्हणजे तेवढा दिवस रान ओस. उरलेली मेथी परत न्यायची सोय नाही. दुपारी चारनंतर ती मिळेल त्या भावाला जाते. त्याच वेळी आपण शेजारी मेथीच्या जुडीवर पाणी मारून ती ‘आत्ताच उतरवली’ म्हणता. शेतकऱ्यांनीच बसायचं अशा या बाजारात, शेतकरी नसल्यामुळे, सगळ्यात निवांत आपणच असता.

एक गोष्ट मात्र सरळ बोलते. भाजीवाला असण्यात कमीपणा काय आहे? आमच्या गल्लीत हातगाडीवाले काका येतात. पहाटे यार्डात जातात, माल पारखून घेतात, उन्हातान्हात गाडी ढकलतात, आणि विचारलं तर सांगतात, “लसूण मंदसौरचा आहे, गावरान नाही, गावरान परवा मिळाला तर ठेवतो.” त्यांच्याकडून मी डोळे मिटून घेते. ते नसते तर अर्ध्या शहराची चूल पेटली नसती. आपणही तेच काम करता, तितकंच कष्टाचं. मग चार पावलांवर भाजी मंडई असताना आपल्याला हीच रांग का हवी, जिथं त्या जोडप्याला गेल्या महिन्यात “जागा नाही” म्हणून परत पाठवलं?

असो. आपल्यावर अविश्वास दाखवायचा नाही, म्हणून एक साधी विनंती. सातबाऱ्याची प्रत स्टॉलवर लावा. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. आपल्या गटातल्या सफरचंदाचा फोटो बघायची आम्हा सोसायटीतल्या बायकांना फार उत्सुकता आहे. तलाठीभाऊसाहेबांनाही असेल. फोटो जमत नसेल तर आम्हीच एका रविवारी शिवारफेरीला येतो, डबे आमचे आम्ही आणतो. फक्त सफरचंदाच्या बाजूनं शिरायचं की अननसाच्या, ते आधी कळवा. त्यावर स्वेटर घ्यायचे की छत्र्या, ते ठरवता येईल.

आपली,
नेहमीची ‘ताई’

ता. क. सफरचंदांवरचे छोटे गोल स्टिकर आपण नखानं खरवडून काढता, त्यात साल निघते. कोमट पाण्याचा बोळा लावा, अलगद सुटतात.