दळणाच्या डब्यातलं वाचनालय

“पाह्यलं का वो? माह्यं नाव भिंतीवर लावलं त्यानं!”

सकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेवढ्यात पऱ्हाट्यांच्या कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. काकूंचं माहेर राजुऱ्याचं, म्हणून ‘मले-तुले’ अस्सल. आमचं घराणं १९७२च्या दुष्काळात अहमदपूरकडून निघून माणिकगडच्या या डोंगरावर चढलेलं. अशी मराठवाड्यातून आलेली घरं जिवतीत पुष्कळ. आमच्या दोघींची बोली दोन तऱ्हेची, पण कुंपण एकच, आणि त्यातलं खिंडार दोन्हीकडून सारखंच वापरात.

“कुठल्या भिंतीवर, काकू?”

“गिरनीच्या. थकबाकीची यादी लावली. करोनातल्या पुस्तकांची. माह्यं नाव तिसऱ्या नंबरवर. जशी मी सोसायटीचं कर्जच बुडवलं!”

“मग द्या की परत. पाच वर्षं झाली.”

“पुस्तक माह्यापाशी असंन तं देईन ना! ते कोनापाशी आहे, साऱ्या गल्लीले ठाऊक आहे.”

आता असं ऐकल्यावर शेंगा कोण सोलतंय? सूप बाजूला सारलं आणि खिंडारापाशी पाटच मांडला.

आमच्या गल्लीतलं वाचनालय म्हणजे एक खोली. पुढून दार, मागून खिडकी. खिडकी उघडते ती शेजारच्या पिठाच्या गिरणीत. वाचनालय भाऊजींचं, गिरणी वहिनींची. पोट कोणावर चालतं हे विचारायला नको. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचं. त्या वेळी अशा वाचनालयाला सरकारकडून वर्षाला तीस हजार मिळायचे.

“तीस हजार म्हंजे महिन्याचे अडीच,” काकूंनी बोटं मोडली. “त्यात पेपर, लाईट, पुस्तकं, आन् त्याचा पगार. आमच्या गड्याले त्याच्यापेक्षा जास्त भेटते.”

“२०२३मध्ये साठ टक्के वाढवलं म्हणे.”

“वाढवून किती झाले? अठ्ठेचाळीस. महिन्याचे चार हजार. घ्या, बंगला बांधा!”

तर २०२०चा मार्च. मोह पडायला लागला होता, पहाटे बायका टोपल्या घेऊन रानात जात होत्या, आणि लॉकडाऊन लागला. शाळा बंद, बाजार बंद, एस.टी. बंद. वाचनालयालाही कुलूप. गिरणी मात्र अत्यावश्यक सेवेत. माणसाला पीठ लागतं हे सरकारला मान्य, पुस्तक लागतं की नाही याचा निकाल लागायला ऑक्टोबर उजाडला.

“शहरात तेव्हा सगळं फोनवर सुरू झालं होतं, काकू. माझी पुण्याची भाची रोज लिंक पाठवायची. आज व्याख्यान, उद्या कवितावाचन, परवा लेखकाशी गप्पा. मावशी, घरबसल्या ऐक म्हणायची.”

“आठवते ना! घरबसल्या कायची? तू त्या टेकडीवरच्या चिंचेखाली फोन वर धरून उभी राहे. मले वाटे, नवस फेडून राह्यली का काय.”

“एकदा लागलं सुद्धा. वक्ते ‘नमस्कार’ म्हणाले आणि आ तसाच राहिला. पाव तास मी त्यांचे दात बघत उभी. शेवटी फोनला वाटलं मी तेलंगणात गेले. तेलुगूत मेसेज आला.”

“तिकडचं टावर इकडं येते. सीमेवरच्या चौदा गावांत रेशन दोन राज्यांचं येते, मतदान दोनदा होते. पुस्तकाले तेवढं कार्ड नाही भेटलं कोनाचं.”

खोटं नको बोलायला, ज्यांना रेंज होती त्यांना त्या दिवसांत पुष्कळ मिळालं. मराठी विश्वकोश फोनवर, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं फोनवर, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं फुकट. आमच्याकडं खरा उपयोगी पडला तो रेडिओ. नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची. आमच्या ओट्यावर सात-आठ पोरं अंतर ठेवून बसायची. ते अंतर गाणं लागलं की मिटायचं आणि मी खाकरले की पुन्हा पडायचं. रेडिओला रिचार्ज मारावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

“पन मोठ्या मानसानं काय करावं? म्हनून तं वहिनीनं डोकं लावलं,” काकू आवाज उतरवून म्हणाल्या. पाच वर्षांनंतरही आवाज उतरवावा लागतो, यातच त्या गोष्टीची लज्जत.

“वहिनींनी? मला वाटलं, भाऊजींनी.”

“तो कायचा लावते! तो कुलपाकडं पाहून रडे. वहिनी म्हने, रडू नका, दार बंद आहे, खिडकी कोनं बंद केली?”

युक्ती अशी. बाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर जायची. दळण व्हायचं. वहिनी डबा आत न्यायच्या, खिडकीतून एक पुस्तक यायचं, ते कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी आणि वर पीठ. परत करायचं तर त्याच वाटेनं. आलेलं पुस्तक भाऊजी तीन दिवस पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. पेटीवर खडूनं लिहिलं होतं ‘कोरंटाईन’. माणसाला चौदा दिवस आणि पुस्तकाला तीन. पुढं कळलं, जगभरच्या ग्रंथालयांत तेव्हा हाच हिशेब चालला होता, परत आलेलं पुस्तक बहात्तर तास बाजूला ठेवायचं. भाऊजींचा तो अडाणी उपाय अमेरिकेच्या बरोबरीचा निघाला, त्याची त्यांना अजून घमेंड आहे.

त्या पुस्तकांची एक खूण राहून गेली. आजही वाचनालयात जाऊन कुठलंही जुनं पुस्तक मधोमध उघडा, शिवणीतून चिमूटभर पीठ मांडीवर पडतं. कादंबऱ्यांत ज्वारीचं, बाळंतविडा-पाककृतींच्या पुस्तकांत गव्हाचं. कोणत्या घरात काय वाचलं, हे रजिस्टर न बघता सांगता येतं.

“पन लोकाईचं तोंड कोन धरते?” काकू रंगात आल्या. “घरात मानसं चार, आन् दळन रोज. तेही दिवस बुडाल्यावर. त्यात आपल्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी.”

ही खरी गोम. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५पासून दारूबंदी होती, ती उठवायचं ठरलं २०२१च्या मे महिन्यात. त्यामुळं २०२०च्या उन्हाळ्यात तिन्हीसांजेला खिडकीतून काहीतरी कागदात गुंडाळून डब्यात जातंय म्हटल्यावर गल्लीनं एकच अर्थ लावला. मोहाचा हंगाम, भट्टीचे दिवस आणि गिरणीवाली बाई.

“काकू, खरं सांगा. ती बातमी पहिल्यांदा कोणी फोडली?”

काकूंनी पदर सारखा केला. “मी फकस्त शेंडेच्या घरामागच्या बाईले म्हटलं, रोज दळन कसं काय लागते? बाकी मी काई नाही बोलली.”

“झालं तर मग.”

“पन मग वहिनीनंच मले बोलावलं. म्हने, तुम्हीपन न्या. मी सातवी पास. लग्नानंतर हाती पुस्तक म्हंजे पंचांग. तिनं चितमपल्लींचं ‘रानवाटा’ देल्लं. म्हने, रानातल्या बाईले रानाचंच पुस्तक. मी रातच्याला बोट ठेवून-ठेवून वाचे. आपल्याच झाडाईबद्दल, पाखराईबद्दल कोनी इतकं लिहून ठेवलं, हे मले ठाऊकच नाही! अर्धं झालं, आन् बदलून दुसरं आनावं का हेच ठेवावं, हे विचाराले मी डबा घेऊन निघाली. तं चौकात जमादार.”

हा प्रसंग मी स्वतः खिंडारातून पाहिलाय. जमादाराला कोणीतरी खबर दिली होतीच. त्यानं काकूंचा डबा उतरवायला लावला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पिठात घातला. बाहेर आलं ते पुस्तक. जमादार, पुस्तक आणि काकू, तिघंही पांढरे.

तिथून स्वारी गिरणीवर. भाऊजी तोंडाला गमछा बांधून पुढं आले. “साहेब, वाचनालय बंदच आहे, हे बघा कुलूप. गिरणीला परवानगी आहे.” एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले! त्यांनी जमादाराला उभ्या-उभ्या व्याख्यान दिलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१०मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या पार दुबईला पोचल्या. “त्यांची पेटी, आमचा डबा. फरक तेवढाच, साहेब.”

“आन् जमादार काय म्हनला, ठाऊक आहे?” काकू खिंडारात जवळजवळ शिरल्याच. “म्हनला, हे पुस्तक पुरावा म्हनून जमा करतो. दुसऱ्या रोजी मी पाह्यलं ना डोळ्यानं! नाक्यावर खुर्ची टाकून पुरावा वाचून राह्यला होता.”

“आणि पुढं बदली झाली.”

“झाली. पुराव्यासकट झाली. आता सांग, दंड कोनाचा?”

मी काय सांगणार? हसू आवरत म्हटलं, “तरी आपण स्वस्तात निभावलं, काकू. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ख्रिश्चन्सबर्ग गावी, शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी पोरांना ड्रोननं पुस्तकं पाठवली.”

“आपल्याकडं पाठवती तं पोट्ट्याईनं गुलेलीनं पाडला असता.”

“आणि कितीतरी वाचनालयांना तिकडं कुलूप, पण वायफाय चालू ठेवलेलं. लोक बाहेर गाडी लावून तिथंच बसून वापरायचे.”

“म्हंजे तेपन बाहेरूनच! मग ते वायफाय म्हंजे त्याइची खिडकीच झाली.”

मी शहरातल्या ऑनलाईन व्याख्यानांत जे शोधत होते, ते काकूंनी एका वाक्यात उरकलं.

१५ ऑक्टोबर २०२०ला राज्यातली ग्रंथालयं उघडली. नेमका कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. भाऊजींनी फोटोला हार घातला, दार उघडलं, सॅनिटायझरची बाटली ठेवली. आले चार जण. खिडकीवर रोज याच्या तिप्पट-चौपट यायचे.

“चोरून खाल्लेल्या बोराची चवच न्यारी,” काकू म्हणाल्या. “दारूची बंदी उठली तं दुकानापुढं रांग लागली. पुस्तकाची उठली तं रांगच मोडली.”

थोडा वेळ दोघीही गप्प. पलीकडं गिरणीचा पट्टा फडफडायला लागला होता.

“तुह्या फोनात भेटंन का गं ते पुस्तक? अर्धंच राह्यलं. तो वाघाच्या मागं जाते, तिथपर्यंत झालं होतं.”

मी फोन काढला. चकरी फिरायला लागली. काकू कुंपणावरून वाकून बघत राहिल्या. चकरी फिरतच राहिली.

“राहू दे. मीच जातो. दुसरी प्रत असंन त्याच्यापाशी, आन् नसंन तं त्या जमादाराचा पत्ता काढाले लावतो.”

काकू आत गेल्या आणि डबा घेऊन बाहेर आल्या. दार सताड उघडं आहे, कोणी अडवणारं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी दोन पायल्या ज्वारी डब्यात ओतली.

“असू दे,” माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “दळनाबिगर पुस्तक मांगाले लाज वाटते.”