झाकण

मे सरता सरता देवगडच्या मामाने दोन पेट्या हापूस पाठवला. आठ दिवस पेंढ्यात मुकाट बसलेले आंबे एका मंगळवारी सगळे एकदम पिकले. दोन दिवस आम्ही सकाळी रस, दुपारी रस, रात्री रस असं काढलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी दार किलकिलं करून, "आमच्याकडेही मामा आहेत हो," म्हणत ते लावून घेतलं. चार डझन उरले. तेव्हा मी जाहीर केलं, आपण रस बाटलीबंद करू.

मामाला फोनवर हे सांगितलं आणि पलीकडे शांतता पसरली. कोकणात 'कॅनिंगचा आंबा' ही जवळजवळ शिवी आहे. बारका, डागी, उन्हाने भाजलेला माल किलोवर कारखान्यात जातो, तो कॅनिंगचा. "मेल्या, हो आंबो मिया झेल्यान काढून धाडलंय," एवढंच बोलून मामाने फोन ठेवला.

आईला नवल नव्हतं. तिच्या लहानपणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत रस भरायचे. पत्र्याची बुचं दाबून बसवायचं यंत्र वाडीत एकच. ते या घरातून त्या घरात फिरायचं. मग परसात चुलीवर तपेल्यात बाटल्या उकळायच्या. "त्यात रात्रभर वाचण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं.

मी तिला निकोला अपेर सांगितला. हा फ्रेंच मिठाईवाला. बाटलीत अन्न भरून, घट्ट बूच मारून उकळलं की ते टिकतं, हे दाखवून 1810 साली त्याने सरकारकडून 12,000 फ्रँक मिळवले. का टिकतं, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. ते पुढे पन्नासेक वर्षांनी पाश्चरने सांगितलं.

"आमच्या आजीला तरी कुठे ठाऊक होतं," आई म्हणाली. "तिला कुणी फ्रँक नाही दिले."

कामाला लागलो. हापूस वरून कसाही राजबिंडा असो, कापेपर्यंत खरं नाही. अठ्ठेचाळीसपैकी अकरांच्या पोटात साका निघाला. बाठ्याभोवती पांढरट, आंबूस, रबरासारखा. उरलेल्यांचा रस गाळून गॅसवर ठेवला. घट्ट रस उकळताना नुसता उकळत नाही, नेम धरून उडतो. एक ठिपका माझ्या मनगटावर, एक चष्म्यावर आणि एक थेट कॅलेंडरमधल्या संकष्टीवर.

मग लिंबू. फळांना उकळतं पाणी पुरतं आणि भाज्यांना प्रेशर लागतं, याचं कारण आंबटपणा. पी-एच 4.6 च्या खाली असला की बाटलीबंद अन्नातला सगळ्यात घातक जंतू डोकं वर काढत नाही. पिकला हापूस त्या काठाच्या फार लांब नसतो, म्हणून लिंबू पिळायचं. मी पहिली फोड पिळली तेव्हा आईने डोळे मिटले. "दादाला सांगू नकोस," ती म्हणाली.

बरण्या आठ जमवल्या होत्या. कॉफीच्या, मधाच्या आणि एक लोणच्याची, जी चार वेळा घासूनही हिंग विसरायला तयार नव्हती. गार बरणीत उकळता रस ओतू नये हे मी वाचलं होतं, पण ते आठवलं बरणीचा तळ ओट्यावर आणि बाकीची बरणी माझ्या हातात राहिल्यावर. उरलेल्या सात आधी गरम केल्या, पातेल्याच्या तळाशी फडकं घातलं आणि अर्धा तास उकळल्या.

पुढचं काम कानांचं. बरणी निवू लागली की आतली वाफ आवळते, झाकण मधोमध आत ओढलं जातं आणि 'टक्' होतं. रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. पहिलं टक् झालं तेव्हा बायकोला उठवलं. दुसऱ्याला तिने उठायला नकार दिला. पाच वाजल्या. दोन गप्पच राहिल्या. त्यांची रवानगी फ्रिजमध्ये झाली आणि चार दिवसांत त्या संपल्या. त्यांतली एक हिंगाची.

पाच बरण्या फडताळात बसल्या. पाहुणा आला की मी दार उघडून दाखवायचा आणि लावून टाकायचा. "हे खायचे आहेत की पुजायचे?" बायको विचारायची.

गौरीजेवणाला शेवटी एक काढली. उघडेना. मी झालो, मेहुणा झाला, रुमाल झाला, रबरी हातमोजा झाला. पुऱ्या निवत चालल्या. मी सांगायला लागलो, की पत्र्याच्या डब्याचं पेटंटही 1810 चंच, पण डबा उघडायचं हत्यार निघायला आणखी चाळीसहून जास्त वर्षं गेली. तोवर लोक छिन्नी-हातोडी...

"दे इकडे," आई म्हणाली. तिने चमच्याचं टोक झाकणाच्या काठाखाली घातलं आणि किंचित उचकलं.

टक्.