पितृपंधरवड्यातला राजीनामा

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मध्ये साडेचार फुटांची भिंत आहे. निगडी प्राधिकरणातल्या जुन्या बैठ्या घरांना असते तशीच. पलीकडे त्यांचं शिवणाचं मशीन, अलीकडे निवृत्त मी. सकाळी भिंतीवर त्यांचा चहाचा कप असतो आणि माझा पेपर. दोन्ही गार होईपर्यंत आम्ही बोलतो.

"काल रात्री पावणेअकराला गच्चीवर कोण बोलत होतं हो भाऊजी?"

"आमचे चिरंजीव. मीटिंग होती."

"पण मला तर नुसतं 'येस, येस' ऐकू येत होतं."

"तीच मीटिंग."

वहिनींनी कप खाली ठेवला. हातातलं हुकाचं काम तसंच राहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं. पोरगा हिंजवडीला प्रोग्रॅमर आहे. साहेब स्वतः एके काळी उत्तम प्रोग्रॅमर होता म्हणे. त्याला बढती दिली आणि कंपनीनं एक चांगला प्रोग्रॅमर गमावून एक वाईट साहेब मिळवला. तो कुणाला न विचारता क्लायंटला तारखा देतो. रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या मीटिंग असते, ती पन्नास मिनिटं चालते. अप्रेझलला टीममधल्या कुणाला तरी खालच्या रकान्यात बसवावंच लागतं, यंदा ती पाळी आमच्याकडे आली. गणपतीतली रजा आधी मंजूर केली आणि आदल्या रात्री फिरवली.

"आणि परवा काम मागे पडलं म्हणून साहेबानं चार नवी पोरं टीमला दिली," मी म्हणालो. "आता काम आणखी मागे पडलंय."

"पडणारच! दिवाळीच्या तोंडावर मी एकदा दोन पोरी हाताखाली घेतल्या होत्या. त्यांना बाही लावायला शिकवण्यात माझेच ब्लाउज राहिले."

एवढ्यात चिरंजीव दात घासत बाहेर आले. त्यांच्या कानावर एवढंच पडलं. "काकू, हेच फ्रेड ब्रुक्सनं १९७५ साली पुस्तकात लिहिलंय! उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की उशीर वाढतो. आयबीएममध्ये एवढं मोठं काम सांभाळलेला माणूस."

"मग तुझ्या साहेबाला दे ते पुस्तक."

"त्याच्या टेबलावरच आहे. लॅपटॉपखाली, उंचीसाठी."

पेस्ट पुसून त्यानं मुख्य बातमी दिली. तो आज राजीनामा देणार आणि घरून स्वतःची कामं घेणार. माझा पेपर भिंतीवरून वहिनींच्या अंगणात पडला.

"आज?" वहिनी म्हणाल्या. "पितृपंधरवड्यात?"

"काकू, त्याचा काय संबंध?"

"संबंध नसेल. पण पंधरा दिवस थांबलं की माणसाचा राग निवतो, एवढा उपयोग आहे त्याचा."

मग त्यानं पुण्यात प्रत्येक राजीनाम्याच्या आधी सांगितली जाते ती गोष्ट सांगितली. १९८१ साली सात जणांनी दहा हजार रुपयांत इन्फोसिस काढली, तीही इथेच, पुण्यात. नारायण मूर्तींना ते दहा हजार सुधाताईंनी दिले.

"दिले ना? म्हणजे त्या माउलीनं आधी साठवले होते," वहिनी म्हणाल्या. "तुझे किती साठलेत?"

पाच महिन्यांच्या घरखर्चाचे. पण फ्लॅटचा हप्ता धरला तर तीन महिन्यांचे. शिवाय एक गोष्ट त्यानं सांगितली नाही, ती मला सांगावी लागली. माझं आणि सौ.चं आजारपण त्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहे. सौ.चा गुडघा पुढच्या वर्षी करायचाय. तो बाहेर पडला की आम्हीही बाहेर. नवी पॉलिसी घ्यावी तर जुन्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. साहेबाला शिव्या घालताना मला हे रोज आठवतं आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

चिरंजीवांनी मात्र अभ्यास केला होता. सीए मित्राला विचारून आला होता. अशा व्यावसायिकाचा बहुतेक पैसा बँकेतून येत असेल, तर पंच्याहत्तर लाखांच्या कमाईपर्यंत निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो, वह्या-पावत्यांची फार कटकट नाही. वीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. 'उद्यम'वर नोंदणी केली, तर इथल्या कंपनीनं पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा कायदा आहे.

"पंचेचाळीस दिवस?" वहिनी हसल्या. "तिसऱ्या गल्लीतल्या बाईंकडे माझे पंचेचाळीस महिन्यांचे आहेत. कायदा दाखवला तर त्या परत येणार नाहीत, आणि येताना ज्या चार जणी आणतात त्याही नाहीत. त्यापेक्षा माझा नियम ऐक. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. माप वहीत लिहायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. नंतर 'गळा जरा खोल करा' म्हणाल्या, की त्याचे वेगळे पैसे."

"काकू, आमच्यात त्याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात."

"म्हणा. पैसे घेता का?"

चिरंजीव गप्प. साहेबानं गेल्या वर्षभरात क्लायंटचे असे कितीतरी गळे फुकट खोल करून दिले होते, आणि ते रात्री बसून खोल केले होते यानं.

मग वहिनींनी हुक-सुई बाजूला ठेवून सरळ विचारलं, "मला एक सांग. उद्या तुझा हा साहेब गेला आणि चांगला माणूस आला. काम हेच, पगार हाच. थांबशील?"

त्यानं बराच वेळ जास्वंदीकडे पाहिलं. "थांबेन बहुतेक."

"मग तुला धंदा नकोय, दुसरा साहेब हवाय. तो शोध. त्यात कमीपणा नाही. साहेबाला कंटाळून धंदा काढला की माणूस पहिलं वाईट गिऱ्हाईक भेटेपर्यंत टिकतो. मी मास्तरांचं दुकान सोडलं ते मास्तर खडूस होते म्हणून नाही. खडूस तर पहिल्या दिवसापासून होते. बायका दुकानात येऊन 'त्या कुठं आहेत' असं माझं नाव घेऊन विचारायला लागल्या, तेव्हा सोडलं. तुला कुणी विचारतं का असं? कंपनीला नाही, तुला?"

"दोघं विचारतात. एक नाशिकचा द्राक्षवाला निर्यातदार, एक दवाखाना. पण नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायला बंदी आहे."

"मग घेऊ नकोस. मीही मास्तरांच्या मशीनवर बाहेरचा एक ब्लाउज शिवला नाही. पण ओळख ठेवायला बंदी नाही ना?"

"आणि तू लागलास कधी इथे?" मी मध्येच विचारलं. हिशेब ही कारखान्यातली माझी जुनी खोड.

"१५ जानेवारीला पाच वर्षं होतील."

"अरे, मग ग्रॅच्युइटी!" ती पाच वर्षांनी मिळते. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. बेसिक साठ हजार, म्हणजे पाच वर्षांचे एक लाख त्र्याहत्तर हजार. चार महिने आधी उठला तर हे पैसे साहेबाला बक्षीस दिल्यासारखंच.

"पण नोटीस नव्वद दिवसांची आहे," चिरंजीव उजळले. "मी १७ ऑक्टोबरला राजीनामा दिला तरी सुटेपर्यंत पाच वर्षं भरतात!"

"आणि साहेब म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस, तर?" वहिनींनी विचारलं. "शिवणीला अर्धा इंच जास्त ठेवावा, बाळा. संक्रांत जाऊ दे. तिळगूळ दे त्याला, गोड बोल आणि मग कागद दे. भांडून जाऊ नकोस."

"एवढं केल्यावरही गोड?"

वहिनींनी सुई पुन्हा उचलली. "मी घरी मशीन घेतलं, त्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे सहा ब्लाउज आले. लग्नसराई होती, दुकानात काम उरकत नव्हतं. सहाही मास्तरांनीच पाठवले होते."

राजीनाम्याची तारीख आता १६ जानेवारी ठरली आहे. तोवर सौ.च्या गुडघ्याची तारीख नोव्हेंबरात आणायची, हे काम माझ्याकडे आलंय.